मोटार, मिस्त्री आणि तांब्याभर पाणी

वारंगा फाट्यावर हल्ली ट्रकची चाकं सरळ करून देणारी दुकानं ओळीनं झाली आहेत. परवा पुतण्याच्या ट्रकात बसून चाललो होतो. चाकांवरचे कमानीचे पाटे त्यानं नवे, जाड बसवून घेतले होते आणि तेव्हापासून ट्रक एका अंगाला ओढत होता. पुतण्यानं जे पहिलं दुकान दिसलं त्यात गाडी घातली. मिस्त्री कोण, कसा, काही विचारलं नाही. मी म्हणालो, "अरे, आधी यांच्याकडं पाणी तरी पिऊन बघ." त्याला वाटलं, म्हाताऱ्याला तहान लागली. त्यानं बाटली पुढं केली. आता याला नागोराव कुठून समजावून सांगायचे?

नागोराव कुरुंद्याचे. जमीन बरी होती, हळद चांगली व्हायची आणि गावातली पहिली मालमोटार त्यांची. मी तिच्यावर ड्रायव्हर. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी ती आली तेव्हापासून बंद पडून दगडांवर चढेपर्यंत तिचं चाक माझ्याच हातात होतं. मालकांना मोटारीतलं काही कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. पेट्रोल कुठून घालतात आणि पाणी कुठून घालतात एवढं त्यांना माहीत होतं, पण त्यातही अदलाबदल होऊ नये म्हणून मी दोन्ही टोपणं त्यांच्या हाती लागू देत नसे. माणसातलं मात्र आपल्याला सगळं कळतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. आणि ते कळायला त्यांना एकच हत्यार लागायचं, पाण्याचा तांब्या.

कोणाशी काही व्यवहार करायचा म्हणजे नागोराव त्याच्या दारी जाऊन बसायचे. पटका काढून मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "पाणी मिळंल का?" तांब्या आला की आधी त्याचं बूड बघायचे, घासलेलं आहे की नुसतं विसळलेलं. मग आणणाऱ्याकडं बघायचे. प्यायल्यावर तांब्या लगेच परत द्यायचा नाही, हातात धरून बसायचं, समोरचा "अजून देऊ का?" म्हणतो की नाही याची वाट बघत. मग मिशा पुसून दोनांतलं एक बोलायचं. माणूस पसंत पडला तर "बराबर हाय." नाही पडला तर "चला." मधला शब्द त्यांच्याकडं नव्हता.

मी एकदा विचारलं, "मालक, पाण्यात काय कळतं तुमाला?"

"पाणी फुकट असतंय, शंकर," ते म्हणाले. "फुकटची चीज माणूस कशी देतो ते बघावं. पैशाची चीज तर समदेच हसून देतात."

ऐकायला झकास वाटतं. पण ही मोटार त्यांनी नांदेडच्या एका व्यापाऱ्याकडून अशीच घेतली होती. तांब्या लखलखीत, पाणी वाळा घातलेलं, आणि व्यापारी दोनदा म्हणाला, "अजून घ्या." नागोरावांनी जागच्या जागी "बराबर हाय" म्हटलं आणि मोटार घेऊन निघाले. गावाबाहेरच्या उतारावर कळलं की तिला ब्रेक नाहीत. एका बाभळीनं आम्हाला थांबवलं. मी खाली उतरून देवाचं नाव घेत होतो आणि मालक काटे काढत म्हणत होते, "माणूस चांगला होता पन." त्यांचा त्या व्यापाऱ्यावर शेवटपर्यंत राग नव्हता. राग होता तो बाभळीवर.

मला नोकरीवर ठेवलं तेही असंच. वसमतला आमच्या घरी आले, माझ्या आईच्या हातचं पाणी प्यायले, "बराबर हाय" म्हणाले आणि मी ड्रायव्हर झालो. मला मोटार चालवता येते का, हे त्यांनी पुढं हळदीच्या हंगामात विचारलं, तेही सहज, बोलता बोलता. मी येते म्हणालो. ते म्हणाले, "मग ठीक झालं."

आता पाट्यांची गोष्ट. कुरुंद्याहून हळदीची पोती भरून बाजाराला निघालं की रस्ता म्हणजे नुसता ओढे आणि खड्डे. आणि मालकांचा स्वभाव असा की एक पोतं मागं राहिलं तर त्यांना ते रडताना दिसायचं. मग मोटार खाली बसायची, पाटे कडाकड वाजायचे. शेवटी गावच्या लोहाराकडून त्यांनी चाकांवरच्या पाट्यांना जादा पट्ट्या चढवून घेतल्या. मी म्हणालो, फक्त मागं चढवा, वजन मागं असतं. मालक म्हणाले, "पुढं न्हाई चढवल्या तर मोटार नमस्कार करून राहिल्यावानी दिसंल." म्हणून पुढंही चढवल्या. मोटार उंच झाली, नाक वर करून उभी राहिली. नागोराव तिच्याभोवती फिरून फिरून बघायचे.

पण पुढचा आस बसवताना किंचित तिरका बसला होता. मोटार जी सुटली ती डावीकडं. सरळ रस्त्यावर सरळ जायचं तर मला चाक सारखं उजवीकडं दाबून धरावं लागे. घरी गेलो की जेवताना उजवा हात दुखायचा. मी तक्रार केली तर मालक म्हणाले, "तुझी सासुरवाडी डाव्या अंगाला हाय, शंकर. मन तिकडं हाय म्हणून मोटार तिकडं जाती." गंमत अशी की परत येताना सासुरवाडी उजव्या अंगाला यायची, तरी मोटार डावीकडंच जायची. हे मी बोललो नाही. नोकरी होती.

माझ्या हातानं जे पटलं नाही ते टायरनं पटवलं. पुढच्या डाव्या टायरची आतली कड किसणीवर घासल्यासारखी झिजली. आणि दिवस लढाईचे. रबर पिकायचं तो मुलूखच शत्रूनं घेतलेला. टायर सरकारी परवान्याशिवाय मिळायचा नाही, आणि परवाना कोणाला मिळतो ते तालुक्याच्या कचेरीलाच माहीत. मालक टायरवर हात फिरवून आले आणि पहिल्यांदाच गंभीर झाले. "चाकं सरळ करून घ्यावी लागतील," म्हणाले.

मी म्हणालो, "वसमतला लतीफ मिस्त्री हाय. जवळ हाय, हातही चांगला हाय."

"जवळचा हाय म्हणून चांगला हाय व्हय? अशानं मोटारीचं वाटोळं होतंय. चार ठिकाणं बघावी लागतात, गड्या. पोरगी द्यायची असल्यावानी बघावं लागतं."

हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं आहे.

पहिल्यांदा हिंगोलीला गेलो. स्टेशनाजवळ मोठं दुकान, रंगवलेली पाटी, मिस्त्री इस्त्रीचा पायजमा घातलेला. पाणी चांगलं आलं. पण नागोरावांची नजर कोपऱ्यातल्या सायकलवर. मिस्त्रीचीच सायकल, पुढचं चाक लचकणारं. मालक हळूच म्हणाले, "स्वतःचं चाक वाकडं, हा आपलं काय सरळ करंल? चला."

मग परभणी. तिथला मिस्त्री भला हसरा. आम्ही मोटारीतून उतरतोय तोवर म्हणाला, "होऊन जाईल, संध्याकाळी घेऊन जा." मालकांनी पाणी मागितलंच नाही. गाडीत परत चढले. बाहेर पडल्यावर म्हणाले, "काय झालंय ते न बघताच हो म्हनून राहिला. न बघता हो म्हनणाऱ्याच्या दारात मी मोटार बांधणार न्हाई."

मग नांदेड. तिथला मिस्त्री नावाजलेला, ताक दिलं, वर पाणी दिलं, सगळं झकास. पण काम सुरू करण्याआधी त्यानं मालकांना बाहेरच्या बाकड्यावर बसायला सांगितलं. आत कोणी यायचं नाही, हा त्याच्या दुकानाचा नियम. नागोराव बाकड्यावर टेकलेसुद्धा नाहीत. "जिथं मला आतलं बघू देत न्हाईत तिथं आत काहीतरी हाय," म्हणाले. "चला."

एवढ्या फिरण्यात टायरची जी काही उरलेली कड होती तीही गेली. चाकं सरळ करून जेवढं रबर वाचलं असतं, त्याहून जास्त मिस्त्री शोधण्यात झिजलं. मी हे मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "घाई करून चालत न्हाई, शंकर."

त्याच दिवशी नांदेडहून परतताना वारंगा फाट्यावर इंजिन तापलं. वाफ निघायला लागली म्हणून मी मोटार थांबवली. फाट्यावर तेव्हा एक चहाची टपरी आणि एक कडुलिंब, एवढंच होतं. लिंबाखाली डोंगरकडा गावचे माणिकराव बसले होते. बडं प्रस्थ. केळीचे मळे, कचेरीत ऊठबस, अंगावर रेशमी काठाचं उपरणं. ते उठून आले आणि मोटारीला एक प्रदक्षिणा घातली.

"नागोराव, मोटार लई झोकात हाय तुमची," ते म्हणाले. "नाक बघा कसं वर हाय."

त्या नाकाचं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. नागोराव फुलले.

"पन टायर गेलेत की हो."

"तेच तर चाललंय माझं," मालक म्हणाले.

"टायरचं माझ्यावर सोडा. कचेरीत आपली माणसं हायती. परवाना तुमच्या घरी आणून देतील." मग जरा थांबून माणिकराव म्हणाले, "तुमची पोरगी लग्नाची झाली म्हनं. आमचा धाकला हाय."

"देली," नागोराव म्हणाले.

मी रेडिएटरमध्ये पाणी ओतत होतो. इंजिन थंड व्हायच्या आत कौसाचं लग्न ठरलं. मला परभणीचा हसरा मिस्त्री आठवला. पण ड्रायव्हरनं असल्या बोलण्यात पडायचं नसतं, म्हणून मी टोपण लावलं आणि हँडल मारलं.

कौसा ही त्यांची एकुलती लेक. कमी बोलणारी, पण जे बोलेल ते नेमकं. मला शंकरमामा म्हणायची. लहानपणी मोटारीच्या टपावर बसून चिंचा खायची आणि चिंचोके माझ्या डोक्यावर टाकायची. लग्न ठरल्याचं मालकांनी घरात सांगितलं तेव्हा मालकीणबाईंनी विचारलं, घर कसं आहे, माणसं कशी आहेत. मालक म्हणाले, "बडं घर हाय." कौसा चुलीतली लाकडं पुढं सरकवत राहिली.

मग सुपारी फोडायला डोंगरकड्याला गेलो. मोठी ओसरी, गालिचा, पंचवीस माणसं जमलेली. पाण्याचा तांब्या पुढं आला तेव्हा मी मालकांकडं बघितलं. म्हटलं, आता बूड बघतील. नागोरावांनी छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. "शब्द दिल्यावर हे लेकीचं घर झालं. लेकीच्या घरचं पाणी, तिला लेकरू होईस्तोवर, आपल्याला चालत न्हाई."

आमच्याकडची रीतच तशी. सगळे वाहवा म्हणाले. काय रीतीचा माणूस आहे, म्हणाले. मीही मान डोलावली, खोटं कशाला सांगू? ज्या माणसानं आख्ख्या जिल्ह्यातल्या मिस्त्र्यांचं पाणी पारखलं, त्यानं एवढ्या एकाच घराचं पारखायचं सोडलं, हे त्या क्षणी माझ्याही डोक्यात आलं नाही. शब्द आधी दिला आणि मग रीत आडवी आली.

मिस्त्री शोधणं मात्र चालूच होतं, कारण वऱ्हाड याच मोटारीनं न्यायचं होतं. शेवटी हिंडून हिंडून आम्ही वसमतला लतीफ मिस्त्रीच्या दारात आलो. मी फक्त मोटार जरा जोरात थांबवली.

लतीफ मिस्त्री म्हणजे कमालीचा तिरसट म्हातारा. गिऱ्हाईक आलं की त्याला आपल्यावर संकट आल्यासारखं वाटायचं. आमच्या गावचे लोक त्याच्याकडं मोटारीचं, पंपाचं काम द्यायचे, पण पाणी प्यायचे नाहीत. त्या काळी जात आणि धर्म तांब्यात बसलेले असत. नागोरावांनी पटका मांडीवर ठेवला आणि पाणी मागितलं. मिस्त्रीनं मान वर करून बघितलं.

"पीते क्या हमारे यहाँ?"

"मागितलं म्हनजे पिणारच की."

मिस्त्री उठला. राखेनं हात घासले. सुरईजवळचा पेला एकदा धुतला, उजेडात धरून बघितला आणि पुन्हा धुतला. पाणी आणून दिलं आणि समोर उभाच राहिला. मालक प्यायले. पेला हातात धरून ठेवला.

"और देऊं? या पेला लेके जाते घरकू?" मिस्त्री म्हणाला.

"बराबर हाय," नागोराव म्हणाले. कुरुंद्यात ही बातमी आमच्या आधी पोचली. मोटारीपायी नागोरावानं धर्म बुडवला, असं पारावर ठरलं. मालकांनी त्याची फिकीर केली नाही.

पण लतीफनं मोटारीला हात लावायला नकार दिला. मोटारीखाली वाकून बघितलं आणि वैतागून म्हणाला, "नये पाटे हैं, इनकू बैठने देव पहले. और खाली गाडी कायकू लाये? खाली गाडी देखके क्या समझता? तुम रोज जैसी भरते वैसी भरके लाव. बोझ में चाक किधर जाते, वो देखना पडता."

मालकांना एवढा आनंद मी हळदीचा भाव चढल्यावरही झालेला पाहिला नव्हता. रस्ताभर म्हणत होते, "बघ, घाई न्हाई त्याला. रिकामं बघून हो म्हनला न्हाई."

आता हंगाम नसल्यानं भरायला हळद नव्हती. मालकांनी डोकं चालवलं. लग्नाचा बस्ता बांधायला, म्हणजे कापडचोपड घ्यायला, बायकांना वसमतला जायचंच होतं. मग जोंधळ्याची पोती भरली, त्यांच्यावर मालकीणबाई, चुलत्या, मावश्या, आत्या बसवल्या आणि सगळ्यांत वर कौसा. अशी ती वजनदार मोटार डावीकडं ओढत ओढत लतीफच्या दारात उभी राहिली. "कोणी उतरू नगा," मालकांनी वर बघून सांगितलं. "वजन हलंल."

बायका वर बसलेल्या आणि खाली मिस्त्री मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून, एक डोळा मिटून बघतोय. मध्येच विचारतोय. ओढे किती लागतात? पाण्यातून मोटार नेता का? ड्रायव्हरचा कोणता हात दुखतो? मी उजवा हात वर केला, आणि कोणीतरी मला हे विचारलं म्हणून खरंच भरून आलं. नागोराव प्रत्येक प्रश्नावर माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते की बघ, कसा माणूस शोधून काढला.

वर एक आत्या म्हणाली, "याच म्हाताऱ्याच्या घरचं पाणी पिला ना दादा तू?"

"पिलो. हिंगोलीचं पिलो, नांदेडचं पिलो. पिल्याशिवाय माणूस कळत न्हाई."

पोत्यांवरून कौसानं खाली वाकून विचारलं, "आबा, डोंगरकड्याचं पाणी कसं हाय?"

तिनं टोमणा मारला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. विहिरीचं पाणी मचूळ आहे की गोड, असं मुलगी विचारते तसं विचारलं होतं.

नागोराव म्हणाले, "तिथलं पिलो न्हाई."

"काहून?"

"सोयऱ्याचं घर हाय, बाई. चालत न्हाई आपल्याला."

कौसा हळू आवाजात म्हणाली, "मोटारीपायी समद्यांचं पिलं तुमी."

लतीफनं सुतळीचं टोक हातात तसंच धरून ठेवलं. त्याला मराठी सगळी कळायची, बोलायचा नाही एवढंच. नागोराव मांडीवरचा पटका चाचपत बसले. मला त्यांच्याकडं बघवेना म्हणून मी टायरकडं बघत राहिलो. मग ते उठले.

"शंकर, मोटार काढ. डोंगरकड्याला घे."

"सुतळी लगाई मैंने," लतीफ म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या तशीच. येतो परत."

मालकीणबाई वरून म्हणाल्या, "अवो, सुपारी फुटलीय. शब्द देलाय तुमी. लोक काय म्हनतील?"

"लोकायला तिथं पाणी भरायचं न्हाई," नागोराव म्हणाले. "तिला भरायचं हाय."

पोती, बायका, सगळ्यांसकट मी मोटार वळवली. त्या दिवशी ती जितकी डावीकडं ओढली तितकी आधी कधी ओढली नव्हती. मला आतून वाटत होतं की घर चांगलं निघावं. कौसाचं भलं व्हावं म्हणूनही वाटत होतं आणि टायर मिळावेत म्हणूनही. कोणतं जास्त वाटत होतं ते विचारू नका.

माणिकराव ओसरीवरच होते. दारात बायकांनी भरलेली मोटार बघून गडबडले. बायका खाली उतरल्या नाहीत, तशी रीत नव्हती. मालक आणि मी वर गेलो. नागोरावांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "पाणी मिळंल का?"

"पन तुमाला चालत न्हाई ना?" माणिकराव हसत म्हणाले.

"आज चालतंय."

पाणी थोरल्या सुनेनं आणलं. तांब्या लखलखीत घासलेला. पाणी थंड, गोड. मलाही दिलं, मी प्यायलो, नाव ठेवायला जागा नव्हती. नागोरावांनी तांब्या हातात धरून ठेवला आणि सुनेला विचारलं, "बाई, तुमचं माहेर कोणतं?"

आतून सासूचा आवाज आला, "कळमनुरीकडची हाय ती."

"कवा जाऊन आलात माहेरला?"

"कामं लई असतात घरात," सासूच म्हणाली.

मालकांनी तिसऱ्यांदा, जरा पुढं वाकून विचारलं, "बाई, मी तुमाला इचारून राहिलो. अजून थोडं पाणी देता का?"

एवढा साधा प्रश्न. ती पोरगी माणिकरावांच्या तोंडाकडं बघायला लागली. त्यांनी होकारार्थी मान डोलावली तेव्हा तिनं तांब्याला हात लावला.

नागोरावांनी पटका बांधला.

"चला," ते म्हणाले.

माणिकरावांना त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. ते म्हणाले, "बसा की. टायरचं बोललोय मी कचेरीत. होऊन जाईल."

"ते ऱ्हाऊ द्या आता. माणिकराव, पोरगी द्यायची न्हाई मला. तुमच्या पाण्यात दोष न्हाई. चूक माझी हाय, मी शब्द आधी देला आन पाणी मागाहून पिलो." त्यांनी हात जोडले. पुढं माणिकराव जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मालकांनी ते सगळं उभं राहून ऐकून घेतलं. मला त्या माणसाचा तेव्हा इतका अभिमान वाटला की टायरांची आठवण मला ओसरी उतरल्यावर आली.

खाली येऊन त्यांनी कौसाकडं वर बघितलं. तिनंही बघितलं. मी हँडल मारायला वाकलो तेव्हा पोत्यांवरून माझ्या डोक्यावर एक चिंचोका पडला.

पुढचं थोडक्यात सांगतो. सोयऱ्याधायऱ्यांत नागोरावांचं नाव खराब झालं. एवढं मोठं घर पाण्याच्या तांब्यापायी सोडलं म्हणून लोक हसले. कचेरीतून टायरचा परवाना आला नाही, येणारही नव्हता. लतीफनं चाकं मात्र अशी सरळ केली की मी हात सोडला तरी मोटार सुतासारखी जायची. उजवा हात दुखायचा थांबला, आणि मोटार मऊ चालायला लागली त्याच सुमारास टायरमधून आतलं कापड दिसायला लागलं. थोड्याच दिवसांत ती गोठ्याशेजारी दगडांवर चढली. जिल्ह्यात तिच्याइतकी सरळ उभी असलेली मोटार दुसरी नव्हती. माझी नोकरी तांब्याभर पाण्यानं लागली होती, तांब्याभर पाण्यानंच गेली. मी दुसऱ्या मालकाच्या मोटारीवर लागलो.

कौसासाठी मग नागोरावांनी जी घरं बघितली, ती गोष्ट आसपासच्या गावांत अजून सांगतात. सांगून जायचे नाहीत. भर उन्हात, ऐन कामाच्या घाईत दारात जाऊन बसायचे आणि पाणी मागायचे. घरातल्या सुनांची माहेरं विचारायचे. एका घरी म्हणे थोरली सून पाणी देऊन म्हणाली, "मामा, बसा जरा, मी माहेराहून आत्ताच येऊन राहिले, दम खाऊ द्या. मग अजून देते." तिथं त्यांनी "बराबर हाय" म्हटलं. कळमनुरीच्या अलीकडचं साधं शेतकऱ्याचं घर. कौसा तिथं गेली.

निजामाचं राज्य गेलं त्या साली मी सरकी भरून त्या गावावरून चाललो होतो. एका ओट्यावर मांडीवर पटका ठेवून बसलेला माणूस दिसला. मी मोटार थांबवली. नागोरावच. कुरुंद्याहून चालत आले होते, पायाला धूळ गुडघ्यापर्यंत. समोर कौसाची सासू हसत उभी होती.

"इवाई, रीत हाय की न्हाई काही?" ती म्हणत होती. "लेकरू होऊ द्या, मग प्या की पाणी."

"रीतीनं एकदा फसवलंय मला," नागोराव म्हणाले. "कौसा, पाणी आण."

कौसा तांब्या घेऊन आली. मला बघून हसली, तब्येत चांगली होती, हातात बांगड्या भरपूर. मालकांनी तांब्याचं बूड बघितलं, मग लेकीकडं बघितलं, नीट, खालपासून वरपर्यंत. सगळं पाणी प्यायले. कौसा पदराला हात पुसत उभी राहिली.

"कसं हाय, आबा?"

नागोरावांनी मिशा पुसल्या. "एका तांब्यानं कळत न्हाई मला. अजून एक आण."

ती आत गेली, सासूही हसत तिच्यामागं गेली. नागोराव माझ्याकडं झुकले आणि हळूच म्हणाले, "बराबर हाय."

"मग सांगा की तिला, मालक."

"येडा हायस का शंकर? सांगितलं तर पुन्हा येऊ कशाला?"